वाचक विचारतात: न्यायाधीशपदाचा अनुभव नसताना अर्ल वॉरन अमेरिकेचे सरन्यायाधीश कसे झाले?

अमेरिकी राज्यघटनेत या पदासाठी वय, पदवी वा अनुभवाची अटच नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे, सिनेटने मंजुरी द्यायची. वॉरन मुळात सरकारी वकील, पुढे कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता आणि तीनदा निवडून आलेले गव्हर्नर. सप्टेंबर 1953 मध्ये सरन्यायाधीश विन्सन वारले, तेव्हा सिनेटचे अधिवेशन नव्हते. म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आधी तात्पुरती नेमणूक केली. सिनेटची मंजुरी मार्च 1954 मध्ये मिळाली.

मन वळवण्याचे राजकारणात मुरलेले कसब इथे कामी आले. शाळांतील वर्णभेदाच्या ‘ब्राउन’ खटल्यात त्यांनी नऊही न्यायाधीशांचे एकमत घडवले. निकालपत्र मुद्दाम छोटे, सामान्यांना कळेल असे लिहिले. मात्र 1942 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवण्याला त्यांनी दिलेला पाठिंबा गंभीर चूकच होती.