बॉक्स नाही, कागद नाहीत: घड्याळ घ्यावं का?

प्रश्न: मला ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल घ्यायचं आहे. मॉडेल ३५७०.५०, साधारण २००४ सालचं, वापरलेलं. विकणारा खासगी गृहस्थ आहे, ऑनलाइन ओळख झाली. घर बदलताना बॉक्स आणि कागद हरवले असं सांगतो. पूर्ण सेटच्या बाजारभावापेक्षा १८ टक्के कमी मागतोय, बिल नको असेल तर आणखी ५ टक्के सोडेन म्हणाला. रक्कम माझ्या चार महिन्यांच्या हातात पडणाऱ्या पगाराइतकी होते. निम्मी मुदत ठेव मोडून आणि निम्मी पर्सनल लोन काढून, दोन वर्षांच्या हप्त्यांत फेडायचा विचार आहे. घड्याळ रोज घालायचं आहे. शिवाय अशा घड्याळांचे भाव वाढतच जातात, तेव्हा गुंतवणूकही होईल. इतकं स्वस्त मिळतंय तर घ्यावं का?

उत्तर: स्वस्त मिळतंय हे आधी डोक्यातून काढून टाका. कागद नसलेल्या घड्याळाचा भावच तेवढा असतो. आज जी सूट तुम्हाला मिळते आहे, तीच सूट उद्या तुमच्याकडून घेणारा मागणार आहे, आणि ती तुम्हाला द्यावी लागणार आहे.

आकडे मांडून बघू. पूर्ण सेट, म्हणजे घड्याळ, बॉक्स, वॉरंटी कार्ड आणि पुस्तिका, १०० ला मिळतो असं धरा. तुमचं नुसतं घड्याळ ८२ ला. तीन वर्षांनी बाजार जागचा हलला नाही आणि तुम्ही ते एखाद्या जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्याला विकायला गेलात. तो स्वतःचा नफा, सर्व्हिसिंगचा खर्च आणि माल पडून राहण्याची जोखीम धरून विक्रीच्या भावापेक्षा २० टक्के कमी देईल असं मी गृहीत धरतो. पूर्ण सेटवाल्याच्या हातात ८० येतील, त्याचे २० गेले. तुमच्या हातात ६६ च्या आत-बाहेर येतील, तुमचे १६ गेले. म्हणजे १८ ची सूट दिसत होती, प्रत्यक्षात वाचले चार. घड्याळात न अडकलेले ते १८ तुम्ही सहा टक्क्यांनी कुठे ठेवले असते तर तीन वर्षांत आणखी साडेतीनच्या आसपास मिळाले असते, तेही धरा. पण तुम्ही तर कर्ज काढणार आहात, तेव्हा ते १८ तुमच्याकडे शिल्लक नाहीतच.

आता हेच गणित जरा वाकडं करू. बाजार मंदावला की गिऱ्हाईक चोखंदळ होतं. पूर्ण सेट आणि नुसतं घड्याळ यांच्यातलं अंतर १८ वरून २५ वर गेलं, तर व्यापारी तुम्हाला ६० देईल. तुमचे २२ गेले, पूर्ण सेटवाल्यापेक्षा जास्त. इतक्या लहानशा बदलाने फायद्याचा तोटा होतो. म्हणून सवलतीच्या आकड्यावर हा निर्णय उभा करू नका.

मग कागद नसलेलं घड्याळ घेऊच नये का? तसं माझं मत नाही. किंबहुना घालायला घेणाऱ्यासाठी मला ते पुष्कळदा शहाणपणाचं वाटतं. वीस वर्षांपूर्वीच्या घड्याळाची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे. कार्ड असतं तरी त्याच्या जोरावर कंपनी काही फुकट दुरुस्त करून देणार नव्हती. पुस्तिका कोणी वाचत नाही, बॉक्स कपाटात जागा अडवतो. अशा घड्याळाच्या कागदांना किंमत आहे ती जवळजवळ सगळी पुनर्विक्रीत. तुम्हाला विकायचं नसेल तर ज्या गोष्टीचा उपयोग नाही तिचे पैसे न देणं बरोबरच आहे. पूर्ण सेट आहे पण पॉलिश करून करून कडा गोल झाल्या आहेत, असं घड्याळ आणि कागद नाहीत पण केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, कडा धारदार आहेत असं घड्याळ, या दोन्हींतून मी दुसरं निवडेन.

वयानुसार मात्र कागद नसण्याचा अर्थ बदलतो. १९६०च्या दशकातल्या घड्याळाचे कागद टिकले असतील तर ते नवल. २००४च्या घड्याळाचे हरवले, तर पटण्यासारखं आहे. पण दोनच वर्षांपूर्वीचं, वॉरंटीत असलेलं घड्याळ कोणी कार्डाशिवाय विकायला काढलं, तर मी पहिला प्रश्न किमतीबद्दल विचारणार नाही, ते घड्याळ त्याच्याकडे आलं कसं हे विचारेन. कार्ड हरवलं तर रोलेक्ससारखी कंपनी दुसरं काढून देत नाही, हे अशी घड्याळं घेणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं आणि म्हणून ते जपून ठेवलेलं असतं.

आणि कागद असले म्हणजे निर्धास्त, असंही नाही. रिकामे बॉक्स आणि कोरी कार्डं वेगळी विकत मिळतात. त्याहून मोठं उदाहरण तुमच्याच आवडत्या घड्याळाचं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या लिलावात स्पीडमास्टरचं पहिलं मॉडेल, १९५७ सालचं २९१५-१, ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. डायल उन्हाने तपकिरी झालेली. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. घड्याळ विकत घेतलं होतं ओमेगाने, स्वतःच्या संग्रहालयासाठी! ज्यांच्या कपाटात मूळ नोंदवह्या आहेत त्यांची ही गत, तर एका कार्डावर आपण किती विसंबायचं? पाटेक फिलिपसारख्या कंपन्या जुन्या नोंदींमधून उतारा देत आल्या आहेत. उपयोगी असतो, पण तो एवढंच सांगतो की या क्रमांकाचं घड्याळ अमुक साली कारखान्यातून बाहेर पडलं. तुमच्या हातातलं तेच आहे हे उतारा सांगत नाही, ते घड्याळ उघडूनच कळतं.

तेव्हा उघडायला लावा. ओळखीच्या किंवा नावाजलेल्या स्वतंत्र घड्याळजीकडे, तुमच्या समोर, पैसे देण्याआधी. या मॉडेलमध्ये कॅलिबर १८६१ ही हाताने किल्ली द्यायची मशीन असायला हवी. घड्याळ आपोआप चावी घेत असेल किंवा आत बॅटरी दिसली तर चहा पिऊन परत या. वरची काच हेसालाइट म्हणजे प्लास्टिकची असते आणि तिच्या मध्यभागी ओमेगाचं अगदी बारीक चिन्ह असतं, भिंगाने दिसतं. ते नसेल तर काच बदललेली आहे, गुन्हा नव्हे, पण भाव करायला मुद्दा. डायलच्या तळाला ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असेल तर ती डायल ट्रिटियमच्या, म्हणजे अंधारात चमकण्यासाठी पूर्वी वापरत त्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या, काळातली, म्हणजे २००४च्या घड्याळाची मूळ डायल नव्हे. काटे आणि डायलवरचा चमकणारा रंग एकाच वयाचा दिसतो का ते बघा. क्रोनोग्राफ, म्हणजे घड्याळातलं स्टॉपवॉच, चालू करून, थांबवून, शून्यावर आणून पाहा, मधला काटा बरोबर बारावर येतो का. शेवटची सर्व्हिस कधी झाली याची पावती नसेल तर झालेलीच नाही असं धरा आणि तो खर्च भावातून वजा करून घ्या. क्रोनोग्राफची सर्व्हिस साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा महाग पडते, कारण भाग जास्त आणि काम जास्त. माझ्या मते इथे १८ टक्क्यांतला बराच हिस्सा संपेल.

खरी धास्ती मला नकलीची नाही, चोरीची आहे. नकली घड्याळ घड्याळजी ओळखतो. चोरीचं घड्याळ मात्र शंभर टक्के अस्सल असतं. अनेक देशांच्या कायद्यांत चोरीची वस्तू प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यालाही तिची मालकी मिळत नाही, मूळ मालक उभा राहिला की वस्तू जाते आणि पैशासाठी तुम्ही विक्रेत्याच्या मागे धावत बसता. कधी ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच उघड होतं, कारण तिथे सिरियल क्रमांकाची नोंद होते. (चंद्राच्या पृष्ठभागावर गेलेलं पहिलं घड्याळ, १९६९ साली अंतराळवीर बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर होतं ते स्पीडमास्टर, पुढे संग्रहालयाकडे पाठवताना गहाळ झालं. ते आजही कुठेतरी कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असेल, अर्थात कागदांशिवाय.) या जोखमीवर सूट हा उपाय नाही. घड्याळ गेलं तर १८ टक्के जात नाहीत, सगळेच जातात.

म्हणून सिरियल क्रमांक आधी मागा आणि तपासून घ्या. लंडनची द वॉच रजिस्टर ही संस्था हरवलेल्या आणि चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवते, शुल्क देऊन शोध घेता येतो. महागडी घड्याळं आणि दागिने बनवणाऱ्या रिशमों या स्विस समूहाने २०२३ मध्ये एन्क्विरस नावाची अशीच सोय सुरू केली, तिच्यात इतर कंपन्यांच्या घड्याळांचीही नोंद होते. नोंद सापडली नाही म्हणजे घड्याळ निर्धोक, असं नाही, कारण प्रत्येक चोरी तिथवर पोचत नाही. पण सापडली तर तुम्ही वाचलात.

आता त्या बिलाबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत खटकलेली गोष्ट म्हणजे ते जादा ५ टक्के. मूळ कागद नाहीत म्हटल्यावर तुमचं बिल हाच त्या घड्याळाचा यापुढचा एकमेव कागद. ५ टक्क्यांसाठी तो सोडणं म्हणजे फारच स्वस्तात देऊन टाकणं. विम्यासाठी ते लागेल, उद्या विकताना लागेल, आणि घड्याळ चोरीचं निघालं तर तुम्ही ते उघडपणे, योग्य भावात घेतलं होतं हे दाखवायलाही तेच लागेल. बिलावर मॉडेल, सिरियल क्रमांक, बदललेले भाग, विक्रेत्याचं ओळखपत्रानुसार नाव आणि पत्ता हवा, आणि नकली किंवा चोरीचं निघाल्यास पूर्ण पैसे परत करेन हे वाक्य हवं. पैसे बँकेतून द्या. आगाऊ पूर्ण रक्कम नको. व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे तिऱ्हाईताकडे राहतील अशी एस्क्रोची सोय असलेल्या ठिकाणी करा, थोडं शुल्क जाईल ते जाऊ द्या.

मनाची शांती विकतही मिळते, हेही माहीत असू द्या. रोलेक्सने डिसेंबर २०२२ पासून जुनी घड्याळं स्वतः तपासून, दोन वर्षांच्या हमीसह निवडक विक्रेत्यांमार्फत द्यायला सुरुवात केली. खुल्या बाजारापेक्षा महाग पडतात. चांगला व्यापारीही स्वतःची लेखी हमी देतो आणि तिचे पैसे भावात लावतो. खासगी गृहस्थाकडून घेताना ही हमी तुम्ही स्वतःच स्वतःला देत असता.

गुंतवणुकीचं थोडक्यात सांगतो. २०२१ आणि २०२२च्या सुरुवातीला रोलेक्स डेटोना, पाटेक नॉटिलस, ऑडमार पिगेचं रॉयल ओक यांचे भाव दुय्यम, म्हणजे पुनर्विक्रीच्या, बाजारात भन्नाट चढले, आणि २०२२ मध्येच उतरायलाही लागले. भाव वाढतच जातात हे तुम्ही ऐकलंत ते बहुधा त्या चढाच्या दिवसांत. ते आलेख बऱ्याचदा जाहिरातीत मागितलेल्या किमतींवर काढलेले असतात, हातात पडलेल्या रकमेवर नव्हे. ते मोजक्या मॉडेलांचे असतात. तुमचं मॉडेल १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बरीच वर्षं बनत राहिलं, दुर्मिळ नाही. घड्याळ व्याज देत नाही, लाभांश देत नाही, उलट दर काही वर्षांनी सर्व्हिस मागतं. वर ते तुम्ही रोज घालणार, दाराच्या कडीवर आपटणार, आणि आपटावंच. म्हणून ही खरेदी खर्चाच्या रकान्यात लिहा. तिथे ती बसत असेल तर मला काही हरकत नाही, माणसाने कमावलेल्या पैशाचं एखादं सुंदर यंत्र मनगटावर बांधायला आर्थिक सल्लागाराची परवानगी लागत नाही.

खर्चाच्या रकान्यात ती आज बसत नाही, कारण कर्ज. विकायला गेल्याक्षणी पाचवा हिस्सा गमावणाऱ्या वस्तूवर दोन वर्षं व्याज भरणं, आणि त्यासाठी कमी व्याजाची का होईना पण मिळकत देणारी ठेव दंड भरून मोडणं, या दोन्ही बाजूंनी तुम्ही एकाच वेळी पैसे गमावता. ती ठेव अडीनडीसाठी ठेवलेली असेल तर प्रश्नच मिटला, तिला हात लावायचा नाही. तसं नसेल तर जो हप्ता तुम्ही बँकेला देणार होतात, तोच आजपासून दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. निम्मी रक्कम जमायला दोन वर्षंही लागणार नाहीत, कारण व्याज भरायचं नाही. ठेवीची मुदत संपेल तेव्हा उरलेली निम्मी काढा. हे विशिष्ट घड्याळ तोवर विकलं जाईल. जाऊ द्या. या मॉडेलची घड्याळं बाजारात सतत येत असतात आणि येत राहतील.

एवढं वाचूनही हेच घ्यायचं असेल आणि पैसे कर्जाशिवाय उभे राहत असतील, तर त्या गृहस्थांना आज एक निरोप पाठवा: सिरियल क्रमांक आणि शेवटच्या सर्व्हिसची पावती द्या, माझ्या घड्याळजीकडे सोबत या, आणि बिल मला हवंच आहे. सरळ माणूस असेल तर तीन गोष्टींत त्याची फार तर एक दुपार जाईल. क्रमांक द्यायला कां-कूं झाली, किंवा दुसरं गिऱ्हाईक आज संध्याकाळीच पैसे देतंय असं उत्तर आलं, तर ते गिऱ्हाईक त्यांना लखलाभ म्हणा आणि पुढची जाहिरात बघा.