रिमूव्हमधून एरर परत केली, तरी डिव्हाइस निघतंच कसं?
प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या (बोर्डावरच्या अंगभूत डिव्हाइसचा ड्रायव्हर) रिमूव्हमध्ये, म्हणजे डिव्हाइस काढताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये, रेग्युलेटर (वीजपुरवठा सांभाळणारा भाग) बंद झाला नाही म्हणून एरर परत केली, तरी डिव्हाइस निघालं आणि मग कर्नल कोसळला.

कारण ती एरर कुणी ऐकतच नाही. जुने कर्नल फार तर एक वॉर्निंग छापायचे आणि पुढे जायचे. रिमूव्ह म्हणजे परवानगी नव्हे, निरोप. मधेच रिटर्न केलंत की उरलेली आवराआवर राहते, पण डेव्हएमची (ड्रायव्हरने घेतलेलं आपोआप सोडणारी सोय) मेमरी मात्र सुटते.

इथे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात यंत्रमागावर धागा तुटल्याचं कळवणारा बोर्ड होता. त्यात मीच हा घोळ घातला. टायमर थांबवायची ओळ त्या रिटर्नच्या खाली! मॉड्यूल काढलं की दोन सेकंदांत ऊप्स, म्हणजे कर्नलची गंभीर एरर.

म्हणून रिमूव्हमध्ये आधी टायमर, वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम), इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारा इशारा) थांबवा. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावरच सुटतो, तिथे बरेच जण फसतात. रेग्युलेटर शेवटी, बंद झाला नाही तर वॉर्निंग छापून पुढे चला. कर्नल ६.११ पासून हे रिमूव्ह व्हॉइडच आहे, म्हणजे काहीच परत करत नाही, त्यामुळे जुना इंटवाला (आकडा परत करणारा) कोड तिथे कंपाइलरच अडवेल.