आमेन, इमान, अनामत

एका वाचकाचा प्रश्न आहे. मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की, विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी. वाचक विचारतात, खातरी तर पुराव्याने पटते. मग पुरावा असेल तर विश्वास कशाला, आणि नसेल तर खातरी कसली? भाषांतर चुकलं आहे का?

भाषांतर एकूण ठीक आहे. मातेरं झालंय ते 'विश्वास' या शब्दाचं. 'पुरावा नसताना मानायचं, त्यालाच विश्वास म्हणतात' हे वाक्य नास्तिक वादात फेकतात, भाविक प्रवचनात फेकतात, आणि दोघांनाही आपण फार मार्मिक बोललो असं वाटतं. ऐकून ऐकून कान किटले. बायबल ज्या भाषांत लिहिलं गेलं, त्यांतल्या विश्वासाच्या शब्दांना हा अर्थ मुळात नाहीच.

'विश्वास' आणि 'श्रद्धा' यांची व्युत्पत्ती कुठल्याही कोशात मिळेल. 'श्रद्धा' आणि लॅटिन 'क्रेडो' (मी विश्वास ठेवतो) एकाच कुळातले, हेही आता सगळेच सांगतात. ते सोडू. मला सांगायचंय ते प्रार्थनेच्या शेवटच्या 'आमेन'बद्दल, कारण हिब्रूत विश्वासाचा शब्दही त्याच मुळातला.

आधी एक. 'आमेन म्हणजे तथास्तु' असं लिहिणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. तथास्तु वर देणारा म्हणतो. आमेन मागणारा म्हणतो, ऐकणारा म्हणतो. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात लेवी, म्हणजे देवळाची सेवा करणाऱ्या कुळातले लोक, एकेक शाप उच्चारतात आणि लोक दरवेळी 'आमेन' म्हणतात. तिथे तथास्तु घातलं तर शाप फळवण्याचा अधिकारच लोकांच्या हाती जातो! येशू तर हा शब्द स्वतःच्या बोलण्याच्या आधी लावतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो जोडीनेच येतो. आपल्याकडे त्याचं 'खचीत खचीत' केलंय, आणि ते झकास आहे.

कारण हिब्रू अ-म-न या धातूचा अर्थच मुळी घट्ट असणं, भार पेलण्याजोगं असणं. तान्हं मूल सांभाळणारा तो 'ओमेन'. हिज्कीया राजाने देवळाच्या ज्या खांबांवरचं सोनं काढून अश्शूरच्या राजाला दिलं, तेही याच धातूवरून आलेले 'ओमनोत'. पण माझी लाडकी जागा बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात आहे. खाली अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चालू आहे, वर टेकडीवर इस्राएलाचा पुढारी मोशे हात उंचावून उभा. हात वर तोवर इस्राएलाची सरशी, खाली आले की अमालेकांची. हात भरून येतात. मग त्याच्याखाली धोंडा सरकवतात, तो बसतो, एका बाजूने त्याचा भाऊ अहरोन आणि दुसऱ्या बाजूने हूर त्याचे हात तोलून धरतात. आणि मूळ वाक्य म्हणतं, सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'एमूना' होते. एमूना! पुढे हबक्कूक संदेष्ट्याच्या 'नीतिमान आपल्या विश्वासाने जगेल' या वचनात जो शब्द आहे, तोच. हातांना 'विश्वास' होता असं कुणी भाषांतर करणार नाही, 'स्थिर' असंच करतील. पण शब्द तोच आहे, आणि ते हात स्वतःच्या जोरावर स्थिर नव्हते, हे विसरू नका.

याच धातूचं प्रयोजक रूप म्हणजे विश्वास ठेवणं. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला, म्हणजे त्याला पक्का धरून त्याच्यावर भार टाकला. यशया 7:9 मध्ये संदेष्टा यशया आहाज राजापुढे या धातूवर कोटी करतो: 'लो ताअमीनू' असाल तर 'लो तेआमेनू', म्हणजे विश्वास ठेवला नाहीत, तर स्थिर राहणार नाही. एकच धातू, दोन रूपं. बरेच भाषांतरकार इथे हात टेकतात आणि नुसता अर्थ देतात. मराठीला ही कोटी आयती साधते: टेकला नाहीत, तर टिकणार नाही. हे कुणी छापलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही, याचं मला नवल वाटतं.

आता खरी गंमत. हाच धातू अरबीत आहे. त्यातून ईमान आलं, अमानत आली. मराठीत त्यांचं 'इमान' आणि, म-न ची अदलाबदल होऊन, 'अनामत' झालं. म्हणजे प्रार्थनेच्या शेवटचं आमेन आणि पावतीवरची अनामत रक्कम एकाच मुळावरची. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (1:12) काय आहे पाहा: ज्याच्यावर मी विश्वास ठेवला त्याला मी ओळखतो, आणि माझी ठेव सांभाळायला तो समर्थ आहे, असा माझा भरवसा आहे. इथला ग्रीक शब्द 'पाराथेके', सरळ अनामत! करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तर आधी 'आमेन' येतं आणि दोनच वचनांनंतर 'आराबोन'. मराठी बायबलात त्याला 'विसार' म्हटलंय. अगदी नेमका व्यवहारी शब्द. सौदा पुरा व्हायचा आहे, पण पैसे हातात पडलेत.

म्हणून माझं जुनं म्हणणं असं की, नव्या करारातल्या ग्रीक 'पिस्तिस'ला मराठीत 'इमान' हवं होतं. पिस्तिस म्हणजे विश्वास आणि पिस्तिस म्हणजे विश्वासूपणाही. गलतीकरांस पत्राच्या 2:16 मध्ये 'ख्रिस्तावरचा विश्वास' म्हणायचं की 'ख्रिस्ताचा विश्वासूपणा', यावर नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड हेज यांच्या 1983च्या अभ्यासापासून पंडितांत जोरात जुंपली आहे. 'इमान' म्हटलं असतं तर दोन्ही बाजू एकाच शब्दात बसल्या असत्या. यावर भाषाशुद्धीवाले म्हणतात, शब्द परका. मग 'खातरी'ही टाका की, तीही अरबीच. दुसरा आक्षेप, 'इमान' मराठीत फक्त कुत्र्याला उरलंय. तो दोष शब्दाचा नाही. उर्दू बायबल 'ईमान' म्हणतं आणि त्याचं काही अडलेलं नाही.

हं, खातरी. इब्री 11:1 मधले दोन ग्रीक शब्द 'हुपोस्तासिस' आणि 'एलेन्खोस'. पहिल्याचा अर्थ जर्मन धर्मसुधारक लूथरने मनाचा भरवसा असा घेतला. विसाव्या शतकात बायबलचे अभ्यासक हेल्मुट कोस्टर यांनी तो साफ मोडीत काढला: हुपोस्तासिस म्हणजे वस्तुस्थिती, मनाची अवस्था नव्हे. माझं मत कोस्टर यांच्याकडे झुकतं. पॅपिरसांच्या, म्हणजे जुन्या ग्रीक कागदपत्रांच्या, आधारे कोशकार मोल्टन आणि मिलिगन यांनी 'मालकीहक्काचा दस्तऐवज' असा अर्थ सुचवला. प्रवचनकारांना तो भलताच आवडतो, पण एवढा कायदेशीर अर्थ त्या ओळीवर लादायला मी तयार नाही.

मनातली खातरी मोजण्याचा उद्योग नंतरचा. 1547 मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या परिषदेने ठरवलं की, आपल्याला कृपा लाभली आहे हे विश्वासाच्या निःशंक खातरीने कुणालाही कळू शकत नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने तर विश्वासाची व्याख्याच पक्कं आणि निश्चित ज्ञान अशी केली होती. वेस्टमिन्स्टरच्या प्रॉटेस्टंट विश्वासपत्रकाने 18व्या प्रकरणात मधला मार्ग काढला: खरा विश्वास असूनही खातरी यायला फार काळ लागू शकतो. हा मला सगळ्यांत शहाणा वाटतो, कारण मोशेचे हात थकत होते तरी आधार सुटला नव्हता.

'एलेन्खोस'चा मूळ अर्थ तपासणी, पुरावा, उलटतपासणीत उघडं पाडणं. आणि 'खातरी' आली 'खातिर' म्हणजे मन यावरून. खातरजमा म्हणजे जमा झालेलं, सैरभैर नसलेलं मन. जुन्या पत्रांत 'खातरजमा असो द्यावी' म्हणजे निश्चिंत असा. आज खातरजमा करतात म्हणजे पडताळून पाहतात. थोडक्यात, मराठी शब्द मनाकडून पुराव्याकडे गेला आणि ग्रीक शब्द भाषांतरकारांच्या हाती पुराव्याकडून मनाकडे. इब्री 11:1 मध्ये दोघांची गाठ पडते. योहान 16:8 मध्ये पवित्र आत्मा येऊन पापाविषयी 'जगाची खातरी करील' असं मराठी बायबल म्हणतं. तिथे याच एलेन्खोसचं क्रियापद आहे. पुराव्याशिवाय मानायला लावील, असा अर्थ तिथे कुणी लावून दाखवावाच.