हरणाऱ्याला काय म्हणायचं असतं?

शिकागो, ६ ऑक्टोबर २०२४

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आजीला व्हाइट सॉक्सच्या, म्हणजे आपल्या शिकागोच्या बेसबॉल टीमच्या, मॅचची हकिगत सांगत होतीस. सगळं स्टेडियम मालकांना उद्देशून 'सेल द टीम, सेल द टीम', टीम विकून टाका, असं ओरडत होतं आणि तूही घसा बसेपर्यंत ओरडलीस, हे ऐकून आजी म्हणाली, "असं करू नये बाळा. हरलेल्याला आपल्यात नावं ठेवत नाहीत." फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "बाबा, मराठी लोक खरंच नावं ठेवत नाहीत? मग आजोबा क्रिकेट बघताना टीव्हीवर एवढं का ओरडतात?" आणि त्याला जोडून लगेच दुसरा प्रश्न, "आपण पुढच्या वर्षी कब्जचे झालो तर चालेल का?" म्हणजे शिकागोच्याच दुसऱ्या बेसबॉल टीमचे.

अशा प्रश्नाला जेवताजेवता उत्तर दिलं तर ते अर्धवट होतं, म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, अडलं तिथे ये आणि विचार.

आधी आजीची बाजू, कारण ती बोलते त्यामागे एक माणूस आहे. खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे आपल्याच भागातले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला होता. तोवर कुस्ती मातीतली, तिथे मात्र गादीवर आणि वेगळ्याच नियमांनी खेळायची. सहावे आले. पदक नाही, काही नाही. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे पुन्हा गोळा करायचे होते. एकदा हात हलवत परत आलेल्या पैलवानासाठी लोक पुन्हा खिशात हात घालतील का? त्यांनी घातला. गावकऱ्यांनी दिले, व्यापाऱ्यांनी दिले आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार म्हणजे आयुष्यभराची पुंजी. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

ही मिरवणूक सगळ्यांना पाठ असते. मला मात्र त्याआधीची चार वर्षं जास्त मोलाची वाटतात. सहाव्या आलेल्या माणसाला आपल्या लोकांनी 'संपला' म्हटलं नाही. आजी तुला जे सांगते, ते तिथून आलेलं आहे आणि ते खरं आहे.

पण पूर्ण खरं नाही. आपलंच कौतुक करायचं म्हणून मी तुला अर्धी गोष्ट सांगणार नाही.

अजित वाडेकर हे नाव तू आजोबांच्या तोंडून ऐकलं असशील. शिवाजी पार्कच्या मैदानांनी घडवलेला मुंबईचा फलंदाज, भारताचा कर्णधार. १९७१ मध्ये त्यांच्या संघाने वेस्ट इंडिजला वेस्ट इंडिजमध्ये हरवलं आणि मग इंग्लंडला इंग्लंडमध्ये, दोन्ही पहिल्यांदाच. मुंबईत परतल्यावर उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. तिकडे इंदूरला तर विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारली. तीनच वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच कर्णधार इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरला. लॉर्ड्सवर अख्खा संघ ४२ धावांत आटोपला. मग त्याच लोकांनी काय केलं? वाडेकरांच्या घरावर दगड मारले. इंदूरच्या त्या बॅटला काळं फासलं. वेस्ट झोनच्या संघातूनही त्यांना वगळलं आणि त्यांनी खेळणंच सोडून दिलं. दगड मारणाऱ्यांत मराठी माणसं नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

नंतरचंही सांगतो. २००६ साली वानखेडेवर सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सचिनची, वानखेडेवर! आणि यंदाचं तर तू स्वतः पाहिलंस. रोहितच्या जागी हार्दिक पंड्याला मुंबई इंडियन्सचा कर्णधार केलं म्हणून तो टॉसला आला की आरडाओरडा सुरू. संघ १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला राहिला. जूनमध्ये त्याच हार्दिकने वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर टाकली आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. गजर झाला म्हणून एप्रिलमधलं वागणं पुसून जात नाही. कर्णधार बदलायचा निर्णय ज्यांनी घेतला ते वरच्या बॉक्समध्ये बसले होते आणि शिव्या खाली मैदानात उभ्या असलेल्या माणसाला पडत होत्या.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेव, तुझ्या सेल-द-टीमचं उत्तर तिथूनच निघतं.

आपल्या भागात या बाबतीत एक फार चोख न्याय आहे आणि तो क्रिकेटच्या स्टेडियममध्ये नाही, जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात आहे. मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून तो पाहिलेला आहे. दुपारी हलगी वाजायला लागते. सुरुवातीला तुझ्याहून लहान पोरांच्या कुस्त्या, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग जोड वाढत जातात, इनाम वाढत जातं आणि दिवस मावळता मावळता पहिल्या नंबरची कुस्ती लागते. गोल बसलेल्या हजारो माणसांपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी माती अंगाला लावलेली असते, त्यामुळे त्यांना फसवणं सोपं नाही. एखादा पोरगा आपल्यापेक्षा जड गड्याशी अर्धा तास झुंजला आणि शेवटी चितपट झाला, तर लोक त्यालाही जवळ बोलावतात, पाठीवर थाप मारतात, खिशातली नोट त्याच्या हातात कोंबतात. तो हरलेला असतो, तरी.

पण दोन पैलवान आधीच ठरवून आले असतील, नुसतेच गळ्यात हात घालून वेळ काढत असतील, तर तेच लोक उठून उभे राहतात. त्याला नुरा कुस्ती म्हणतात. मग कुणाची गय नाही, पैलवानाची नाही, पंचाची नाही आणि अशी जोड लावणाऱ्या जत्रा कमिटीचीही नाही. हरण्याचा राग नसतो गं. खोटं खेळण्याचा असतो, आणि खोटं खेळायला लावणाऱ्याचा त्याहून जास्त.

आता हा न्याय आपल्या टीमला लावून बघू.

तुला आकडे पाठ आहेत, तरी एकदा मांडतो. १६२ सामने, ४१ विजय, १२१ पराभव. १९०१ नंतर मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलमध्ये, एका सीझनला इतके पराभव कुणाचेच नव्हते. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचे १२० होते. सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभवांनी झाली. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने गेले. बाविसावा ऑकलंडला ५-१ असा जिंकला आणि दोनच दिवसांनी मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला घरी पाठवलं. जिंकल्यावर हकालपट्टी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

खरंखुरं नुरा काय असतं ते बेसबॉलनेही पाहिलेलं आहे आणि दुर्दैवाने आपल्याच क्लबने दाखवलेलं आहे. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संगनमत करून सिनसिनाटीविरुद्ध सामने सोडले. १९२१ मध्ये त्या प्रकरणात आठ जणांना कायमचं बाहेर काढलं. दुसरा प्रकार त्याच्याही आधीचा, १८९९ चा. क्लीव्हलँड स्पायडर्सच्या मालकांनी सेंट लुइसचीही टीम विकत घेतली आणि क्लीव्हलँडचे चांगले खेळाडू, साय यंगसारखा पिचर (क्रिकेटमधला बोलर समज) धरून, तिकडे हलवले. उरलेल्यांनी २० सामने जिंकले आणि १३४ हरले. बघायला कुणी येईना, म्हणून बहुतेक सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर झाले. तिथे खेळाडू प्रामाणिक होते, खोटेपणा मालकांचा होता.

यंदाचे सॉक्स यातल्या कशात बसतात? १९१९ मध्ये तर नाहीच. आपल्या क्रिस फ्लेक्सन या पिचरचं बघ. सीझनअखेर त्याच्या नावावर ३ विजय आणि १५ पराभव. मे महिन्यापासून त्याला एकही विजय मिळालेला नव्हता, तरी पाचव्या दिवशी बोलावलं की हा चेंडू घेऊन माउंडवर हजर. २६ सप्टेंबरला, घरच्या शेवटच्या सामन्यात, त्याने सहा इनिंगपेक्षा जास्त टाकून एकही रन दिला नाही आणि आपण ७-० ने जिंकलो. गॅरेट क्रोशेने १४६ इनिंगमध्ये २०९ जणांना स्ट्राइकआउट केलं. आपण गेलो होतो तो २४ सप्टेंबरचा सामना आठव. १२० पराभव झालेले, आख्खं स्टेडियम १२१ वा बघायला आलेलं, आठव्या इनिंगपर्यंत आपण ०-२ ने मागे. आणि तिथून तीन रन काढून जिंकले. त्यानंतरचे दोन्हीही जिंकले. विक्रमी पराभव शेवटी डेट्रॉइटला जाऊन झाला, २७ तारखेला, आणि तिथलेही उरलेले दोन सामने त्यांनी जिंकून दाखवले. सगळं गेलेलं असताना शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकणारी पोरं वेळ काढत नव्हती. त्यांच्या पाठीवर थापच पडायला हवी.

मालकांचं काय? २०२१ मध्ये हीच टीम ९३ सामने जिंकून आपल्या विभागात पहिली होती. तीन वर्षांत इथवर आली. डिलन सीज मार्चमध्ये सॅन डिएगोला दिला, जुलैमध्ये फेडी, कोपेक, फॅम, हिमेनेझ हे खेळाडू एकामागून एक गेले. याला इथे 'रीबिल्ड' म्हणतात, आज विकायचं आणि चार वर्षांनी फळ मागायचं. काही टीमना ते साधतंही. पण इतकं हरून पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, आपला नंबर पहिल्या नवात लागूच शकत नाही, कारण वरचे नंबर लॉटरीने ठरतात आणि पैसेवाल्या गावातल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं त्या लॉटरीत बसता येत नाही. म्हणजे सौदाही धड जमला नाही. मी याला नुरा म्हणणार नाही, कारण हरण्याचा कट होता असं मला वाटत नाही. पण जोड लावणाऱ्या कमिटीला जाब विचारावा, इतकं वाईट काम नक्की आहे. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. २००५ ची वर्ल्ड सीरिज त्यांच्याच काळात आली, ते श्रेय त्यांचं. मग १२१ ही त्यांचेच.

म्हणून तू 'सेल द टीम' ओरडलीस त्यात मला काहीच गैर वाटत नाही. आजीला वाटलं तू खेळाडूंना बोललीस, तिला मी समजावून सांगेन. मात्र आपल्या मागच्या रांगेतला तो माणूस लेफ्ट फील्डमधल्या पोराला नाव घेऊन, त्याच्या आईवरून जे बोलत होता, ते ऐकून तुला हसू आलं होतं. तिथे मी आजीच्या बाजूचा आहे, शंभर टक्के. वाडेकरांच्या काचा फोडणारेही असेच आपण टीमवर प्रेम करतो म्हणून आले होते.

आजोबांचं म्हणशील तर ते टीव्हीवर ओरडतात ते निवड समितीवर जास्त असतं, नीट ऐक एकदा. १९७४ मध्ये ते कॉलेजात होते. लोक वाडेकरांना काय काय बोलत होते आणि तेव्हा त्यांना स्वतःला काय वाटत होतं, हे तू त्यांना विचार. मी विचारलं तर विषय बदलतात, तुला सांगतील.

राहिला कब्जचा प्रश्न. तुला कब्ज आवडत असतील तर जरूर हो, त्यासाठी माझी परवानगी लागत नाही. पण सॉक्स हरले एवढ्यासाठीच जात असशील तर थोडी थांब. बर्मिंगहॅमची बॅरन्स ही आपलीच खालची टीम. वरचे १२१ हरत होते तेव्हा ती पोरं आपली लीग जिंकत होती. त्यातली काही पुढच्या एक-दोन वर्षांत पस्तिसाव्या स्ट्रीटवर, आपल्या स्टेडियममध्ये, येतील आणि पहिलं वर्ष बहुतेक मारच खातील. त्यांना पहिल्या दिवसापासून बघायची मला उत्सुकता आहे.

एक अडचण मलाही सुटलेली नाही. तिकिटाचे पैसे शेवटी त्याच मालकांना मिळतात. न जाणं हासुद्धा जाब विचारण्याचा एक मार्ग आहे आणि इथले पुष्कळ जुने चाहते यंदा तोच धरून बसले. मी कुठल्या बाजूचा ते अजून ठरलेलं नाही. मार्चमध्ये तिकिटं निघाली की आपण दोघं बसून ठरवू, आणि तोवर तुझं मत मला लिहून दे. मराठीत दिलंस तर फारच छान.

तुझा,
बाबा