सर्व्हर तयार नसताना ॲपची चाचणी

प्रश्न : आमच्या ॲपच्या सर्व्हरचे काम अपूर्ण आहे, पण स्क्रीन आत्ताच तयार करायच्या आहेत. त्यासाठी कोणते मोफत मॉक एपीआय साधन (खऱ्या सर्व्हरऐवजी नमुना उत्तरे देणारे साधन) वापरावे?

उत्तर : केवळ यादी दाखवून पाहायची असेल, तर जेसनप्लेसहोल्डर ही ऑनलाइन सेवा पुरेशी आहे. तेथे १०० पोस्ट आणि १० वापरकर्ते असा तयार नमुना मिळतो व नोंदणी करावी लागत नाही. मात्र तेथे नवी पोस्ट पाठवल्यास तिचा म्हणून १०१ हा क्रमांक परत येतो, प्रत्यक्षात ती साठवली जात नाही; त्यामुळे ‘जतन करा’ या बटणाची खरी चाचणी तेथे होऊ शकत नाही. ती हवी असल्यास जेसन सर्व्हर हे साधन आपल्याच संगणकावर चालवावे, कारण ते केलेले बदल एका जेसन फाइलमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात साठवणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेवते.

कोड लिहायचा नसेल त्यांना मॉकून हे मॉक साधन सोयीचे आहे.

माझा आग्रह मात्र वेगळ्याच मुद्द्यावर आहे. ॲप बहुधा अडखळते ते उत्तर उशिरा आल्यावर, ५०० ही सर्व्हरमधील बिघाडाची त्रुटी आल्यावर किंवा जोडणी मध्येच तुटल्यावर, आणि नेमक्या याच परिस्थिती घाईत तपासायच्या राहून जातात. वायरमॉक या मॉक साधनात असा विलंब आणि तुटलेली जोडणी मुद्दाम घडवून आणता येते. म्हणून गंभीर चाचणीसाठी मी त्यालाच पसंती देईन, जरी ते शिकायला थोडा अधिक वेळ लागत असला तरी. ऑनलाइन सेवा निवडल्यास ग्राहकांची खरी माहिती नमुन्यात कधीही वापरू नये.