वर पाऊस, खाली लोंढा: वाचकांचे प्रश्न

परतीचा पाऊस सुरू झाला की दुपारी उकाडा, संध्याकाळी गडगडाट आणि रात्री ओढ्याकाठच्या घरांत पाणी, हे चक्र सुरू होतं. त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेतो.

आम्ही पुण्यात आंबिल ओढ्याजवळ राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री बघता बघता घरात पाणी शिरलं. इतकं पाणी इतक्या लवकर आलं कुठून?

कात्रजच्या डोंगरातून. तिथून निघालेला हा ओढा सहकारनगर, अरण्येश्वर करत दांडेकर पुलाकडून मुठेला मिळतो. गडगडाटी ढग फार मोठ्या भागावर पसरत नाही, पण जिथे असतो तिथे तासा-दोन तासांत रिकामा होतो. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं १० कोटी लिटर! पूर्वी त्यातलं बरंचसं माळ आणि शेतं जिरवत. आता उतारावर काँक्रीट आहे आणि ओढ्याचं पात्र बांधकामांनी आवळलं आहे. पुलाच्या मोरीत कचरा, फांद्या अडकल्या की पाणी तुंबतं आणि वाट मिळेल तिथून एकदम सुटतं. म्हणून तुमच्या डोक्यावर रिमझिम असली तरी कात्रजकडे विजा कडाडत असतील, तर जागे राहा.

आणखी एक. त्या रात्री टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पाणी चढू लागलं की सीमाभिंतीच्या आडोशाला क्षणभरही थांबू नका.

ऑरेंज अलर्ट असतो आणि आमच्याकडे थेंबही पडत नाही. विश्वास कसा ठेवायचा?

हा इशारा बहुधा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो आणि ढग काही किलोमीटरचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७५ च्या आसपास. शहर एकच! यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. सकाळचा इशारा दिवसभराचा अंदाज देतो. संध्याकाळी बाहेर पडण्याआधी हवामान विभागाचा पुढच्या दोन-तीन तासांचा तातडीचा अंदाज बघा. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा.

माझी गाडी उंच आहे. फरशी पुलावर गुडघ्याच्या आत पाणी असेल तर जायला हरकत आहे का?

आहे, आणि कृपा करून जाऊ नका. घोट्याच्या थोडं वर आलेलं, म्हणजे १५ सेंटिमीटर वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगू लागते, ६० ला जीपसारख्या गाड्याही वाहून जातात. चाकांची पकड सुटली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की गाडीवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे ‘मघाशी एक जण गेला’ याला काही अर्थ नाही. गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, तेही दिसत नाही. पुढची गाडी गेली, मागचे हॉर्न वाजवतायत, घरी पोरं वाट बघतायत, हे सगळं मला कळतं. तरीही गाडी वळवा. उशिरा पोहोचाल, पण पोहोचाल.

पाण्यात गाडी अडकलीच, तर आधी काच खाली करा, मग पट्टा सोडा, मुलांना पुढे घालून खिडकीतून बाहेर या आणि उंच जागा गाठा. दाराशी झटत बसू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. मग ११२ ला फोन.

सोसायटीच्या तळघरात पाणी येऊ लागलं तर गाड्या वर काढायला किती वेळ मिळतो?

तो हिशेब करूच नका. रॅम्पवरून पाणी आत पडायला लागलं की उलट दिशेने वर चढणं अवघड होतं, आणि वीजमीटर तिथेच असतील तर शॉकची भीती. इशारा असेल त्या संध्याकाळी गाड्या आधीच वर लावा. एकदा पाणी आलं की रखवालदारालाही खाली पाठवू नका. लिफ्ट बंद ठेवा.

धबधब्यावर गेल्यावर धोका कसा ओळखायचा?

निवळशंख पाणी अचानक मातकट झालं, पालापाचोळा, काटक्या वाहत आल्या, आवाज घुमायला लागला, की वस्तू गोळा न करता काठ सोडा. प्रवाहाच्या कडेकडेने पळू नका, सरळ चढाच्या बाजूला जा. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसं अशाच वाढलेल्या प्रवाहात वाहून गेली. विजा असतील तर चढून एकट्या झाडाखाली मात्र थांबू नका.

पुराच्या पाण्यातून चालत घरी आलो. काही घ्यावं लागेल का?

पायाला जखम असो वा नसो, साबणाने स्वच्छ धुवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, ते डॉक्टरच ठरवतील. पुढे ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर पाण्यातून चाललो होतो हे त्यांना आवर्जून सांगा.