पार्कात मशीन फिरवायचं असेल तर खुरपं आधी घरी ठेव

हे बघ भावा, तू लिहिलंयस की मेटल डिटेक्टर मागवला, बेळगावात टिळकवाडीत घराजवळच्या गार्डनमध्ये पहिल्याच सकाळी वॉचमनने "परमिशन आहे काय" म्हणून हटकलं, आणि आता हे कायद्यात बसतंय की नाही आणि परमिशन मागायची तर कुणाकडे, हे तुला कळेना. मी सहा-सात वर्षं हे करतोय, दोनदा शिव्या खाल्ल्यात आणि एकदा पोलीस ठाण्यात बसून आलोय, तेव्हा जरा लांबड लावतो, चहा घेऊन बस.

वॉचमनची काही चूक नाही. आपल्या भागात कानाला हेडफोन लावून जमिनीवर थाळी फिरवणारा माणूस दिसला की लोकांच्या डोक्यात एकच शब्द येतो, गुप्तधन. कन्नडमध्ये निधी. एकदा तो शब्द कुणी उच्चारला की मग तू किती का छंद छंद म्हणेनास, कोण ऐकतंय.

माझंच सांगतो. २०१८ चा श्रावण, माती मऊ, मी एका गार्डनात (नाव नको) जुन्या झाडाखाली फिरवतोय आणि खणखणीत सिग्नल आला. खुरप्याने चार बोटं उकरलं तर काळ्या फडक्यात बांधलेलं लिंबू, दोन खिळे आणि एक रुपयाचं नाणं. कुणाचातरी उतारा! मला हसू आलं पण मागे वॉकिंगला आलेल्या एक काकी उभ्या होत्या त्या दोन पावलं मागे सरल्या आणि पाच मिनिटांत पंधरा माणसं गोळा. माळी आला तो "एन माडाकत्तीरी? निधी हुडकाकत्तीरेनु?" म्हणतच, म्हणजे काय करायलास, निधी शोधायलास काय. मी मराठीत समजावतोय, तो कन्नडमध्ये ओरडतोय, मधे एकजण हिंदीत व्हिडिओ काढतोय. ठाण्यात दोन तास बसवलं, मशीन संध्याकाळी मिळालं, पुन्हा करणार नाही असं लिहून दिलं तेव्हा सोडलं. तिथले साहेब तसे बरे होते, त्यांनीच सांगितलं की कर्नाटकात अघोरी प्रथांविरुद्धचा २०१७ चा कायदा आहे आणि त्यातल्या यादीत निधीसाठी केलेले अघोरी प्रकारही येतात, त्यामुळे झाड, लिंबू आणि खड्डा असं एकत्र दिसलं की पोलिसांचे कान टवकारणारच. तेव्हापासून झाडाच्या बुंध्यापासून मी लांबच. तसंही तिथे लोकांनी ठोकलेल्या खिळ्यांशिवाय फारसं काही नसतंय.

आता कायदा. अडचण मशीनची नाही, उकरण्याची आहे, आणि सापडलेल्या वस्तूचं पुढे काय करतोस त्याची आहे. जमिनीत पुरलेलं किमती काही सापडलं तर ते सापडणाऱ्याचं होत नाही. कर्नाटकाचा यासाठी स्वतःचा निखात निधीचा म्हणजे पुरलेल्या धनाचा कायदा आहे, १९६२ चा, त्यानुसार सरकारला कळवावं लागतंय, म्हणजे आपल्याकडे डीसी ऑफिस, जिल्हाधिकाऱ्याचं कार्यालय. आणि इथे महाराष्ट्रातले, चंदगड-गडहिंग्लज बाजूचे पण बरेचजण वाचतात म्हणून सांगतो, तुमच्याकडे ब्रिटिशांचा १८७८ चा कायदाच चालतो आणि त्यात मर्यादा आहे दहा रुपये! दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. शिवाय १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वेगळाच, त्यात नाणं, मूर्ती, असली वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावशेष. म्हणजे पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया कुणाच्या आजीच्या पेटीत असला तरी तो आता त्यात बसतो, आणि विनापरवाना त्याचा धंदा करायचा नाही. तू कुठे विकायला जाणार म्हणा, पण ऑनलाइन फोटो टाकून "काय किंमत येईल" विचारणारे बघितलेत मी, ते स्वतःहून खड्ड्यात पडतात.

आणि साधी हरवलेली वस्तू, अंगठी, चेन? ती मूळ मालकाचीच. मालक शोधायचा प्रयत्न न करता खिशात घातलीस तर जुन्या आयपीसीत ४०३ कलम होतं, आता नव्या न्याय संहितेत ३१४. सापडलं ते माझं हे शाळेत चालायचं.

परमिशन कुणाची हे जागा कुणाची त्यावर आहे. सगळी गार्डनं महापालिकेची नाहीत. तू टिळकवाडीतला आहेस म्हणून सांगतो, व्हॅक्सिन डेपो सगळ्यांना पार्कच वाटतो पण ती आरोग्य खात्याची जागा. कॅम्प भागात गेलास तर कॅन्टोन्मेंट, आणि तिथे मी तुला जाऊच नको म्हणेन. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, लष्करी मैदानांच्या आसपास मशीन घेऊन फिरणारा माणूस कुणाला आवडेल? त्यात जुन्या मैदानात काडतुसाची नळी सापडायची शक्यता वेगळी. पितळेचं लांबुळकं काही दिसलं तर हात लावायचा नाही, साफही करायचं नाही, लांब सरकून ११२ लावायचा.

किल्ला, बस्ती (जैन मंदिर), देवळं यांचं तर नावच काढू नको. किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ ची, खानापूरकडे हलशी कदंबांची राजधानी, कित्तूरचा किल्ला, सगळं संरक्षित. केंद्राच्या स्मारकांभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे, ते बांधकाम-खाणकामासाठी हे मला माहितीय, पण मी त्या तीनशे मीटरात मशीनचं बटणसुद्धा दाबत नाही. आणि जुनं फक्त किल्ल्यातच असतंय असंही नाही. वडगाव-माधवपूर, जिथे आज विणकरांची घरं आहेत, तिथे उत्खननात सातवाहन काळातली वस्ती निघालीय. खोल उकरायची हौस असेल तर दुसरा छंद बघ.

अर्ज कसा करायचा ते सांगतो, हे कुणी सांगत नाही. महापालिकेचं गार्डन असेल तर कमिशनरच्या नावाने साधा एक पानी अर्ज, कन्नडमध्ये. हो, कन्नडमध्येच. सीमाप्रश्नावर माझी मतं तुझ्यासारखीच असतील, पण ती गार्डनच्या गेटवर काढून उपयोग नाही, माळ्याला वाचता आलं पाहिजे हा मुद्दा. मी शेजारच्या पोरीकडून लिहून घेतला, ती कन्नड मीडियमची. त्यात "निधी" शब्द चुकूनही नको. हरवलेल्या वस्तू शोधणे आणि खिळे-काचा-तारा गोळा करणे असं लिही, वेळ लिही (मी सकाळी सहा ते साडेसात लिहिली होती), खड्डा करणार नाही असं लिही आणि आधारची झेरॉक्स जोड. इनवर्डला देऊन तुझ्या कॉपीवर शिक्का मार म्हणायचं. मला लेखी परवानगी यायला अडीच महिने लागले, चार चकरा झाल्या. तोपर्यंत शिक्का मारलेली पोच म्हणजे परवानगी असं समजू नको हां, मी समजलो होतो आणि तीच माझी दुसरी शिवी.

"खड्डा करणार नाही" लिहिलं तर मग मिळणार काय, असं म्हणशील. वाळू! घसरगुंडी आणि झोपाळ्याखालची वाळू. तिथे खड्डा म्हणून काही राहतच नाही, हाताने सारलं की झालं. लॉनमध्ये मी आता फक्त वरचं वर, बोटाने निघेल तेवढंच घेतो. परदेशातले लोक गवताचा घोड्याच्या नालेसारखा तुकडा कापून तो उलटवतात, माती कापडावर काढतात आणि परत बसवतात, व्हिडिओत लय भारी दिसतंय. पण आपल्याकडे लॉनखाली ठिबकच्या नळ्या आणि खांबांच्या दिव्यांची केबल किती खोल गाडलीय ते खुद्द कॉन्ट्रॅक्टरलाही आठवत नसेल. एक नळी कापलीस की वर्षभराची इज्जत गेली.

मशीनबद्दल दोनच गोष्टी. आपल्या पश्चिमेकडच्या लाल जांभ्या मातीत लोखंड भरपूर, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन त्या मातीशी जुळवून घेणं, न करता चालू केलंस तर मशीन नुसतं बडबडत बसतंय. कॉइल, म्हणजे खालची थाळी, जमिनीजवळ चार-पाच वेळा वर-खाली करून आवाज शांत होईपर्यंत बॅलन्स कर, आणि जागा बदललीस की परत कर, कारण गार्डनची माती भरावाची असते, एका कोपऱ्यात लाल तर दुसरीकडे गोकाककडून आल्यासारखी काळी. दुसरं, लोखंड गाळायचं सेटिंग लावून बसू नको. आपलं १९९२ पासूनचं रुपयाचं नाणं स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं, गेंड्याचे चार आणेही तसलेच, ते मशीनला लोखंडासारखे वाटतात किंवा कुठला धातू आहे ते सांगणारा स्क्रीनवरचा आकडा एका जागी ठरतच नाही. सोडावॉटरच्या बाटलीचं झाकणही तसंच उड्या मारतंय. घरी कुंडीत एकेक नाणं पुरून आवाज पाठ कर.

फॉइलचा आकडा तर मुळीच गाळू नको. गुटख्याच्या पुड्या निघतात म्हणून लोक तो बंद करतात, आणि बारीक सोनं नेमकं तिथेच बोलतंय. परवानगी आल्यावर पुढच्या वर्षी, ज्या माळ्याने मला तेव्हा पकडून दिलं त्यानेच फोन केला, एका बाईची पोत पोराने ओढली आणि वाळूत तुटून पडली. मी नायलॉनच्या दोरीने हातभर रुंदीचे पट्टे आखले आणि एकेक पट्टा सावकाश. सोन्याची बारीक साखळी मशीनला जवळजवळ दिसतच नाही, कड्या सुट्या-सुट्या आणि नाजूक, काळ्या मण्यांचं तर विचारूच नको. सापडल्या त्या वाट्या. पाऊण तासाने फॉइलच्या आकड्यावर अगदी बारीक "टुक", दोन बोटं वाळूखाली एक वाटी, दुसरी वीतभर लांब, आणि दोन्हीच्या मधे गुंतून पडलेली साखळी मग नुसत्या डोळ्यांनीच दिसली. बाई काही बोलली नाही, ती तशीच वाळूसकट कपाळाला लावली. माळीमामा आता लांबूनच "बर्री सर", म्हणजे या सर, म्हणतात आणि कधीकधी झाकणांची पिशवी तेच कचऱ्यात नेऊन टाकतात.

तुझं मशीन किती किलोहर्ट्झचं आहे आणि कॉइल केवढी आहे ते लिही, मग सेटिंग सांगतो. आणि ते गार्डन नक्की कुणाचं आहे ते आधी गेटवरच्या बोर्डवर वाचून ये.